लवंगेचा वास आणि गव्हातले सोंडे

एप्रिल संपत आला की आमच्या फॅमिली ग्रुपवर दोनच विषय, आंबे कुठून घ्यायचे आणि वर्षाचं धान्य भरलं का. धान्याच्या मागोमाग ते फॉरवर्ड येतंच, "डब्यात चार लवंगा टाका, किडा फिरकणार नाही". यंदा त्यात हिंगाचा खडा आणि सुक्या मिरच्या पण ॲड झाल्यात. मी कृषीची पदवी घेतली, कीटकशास्त्र तेव्हा आवडीने शिकले, आता नोकरी भलतीच करते, पण नातेवाईकांच्या लेखी मी अजून किड्यांची डॉक्टरच, त्यामुळे फॉरवर्डखाली लगेच आत्याचा मेसेज येतो, "हे खरंय का गं?" एका ओळीत उत्तर देता येत नाही आणि व्हॉईस नोट पाठवली तर कोणी ऐकत नाही, म्हणून इथे लिहून टाकते.

तर खरंय का? लवंगेत, हळदीत, मिरीत किडा मारायची ताकद आहे, ती थाप नाही. फक्त ती ताकद डब्यातल्या किड्यापर्यंत पोचते का हे कोणी विचारत नाही. आणि ते कशावर ठरतं, तर तो किडा अंडं कुठे घालतो यावर. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकी खाली त्याचा पाल्हाळ.

आपण सरसकट "किडे झाले" म्हणतो पण गव्हातला किडा वेगळा, मुगातला वेगळा, रव्यातला वेगळा. गहू, ज्वारी, तांदळात जो काळपट, पुढे सोंड असलेला बारीक किडा दिसतो तो सोंडा, काही घरात त्याला टोके म्हणतात. त्याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि वरून चिकट बूच लावून भोक बंद करते. बाहेरून बघितलं तर दाणा अख्खा, तुकतुकीत. आत अळी पीठ खात बसलेली. बाहेर यायला साधारण महिना लागतो, आणि हवा मानवली तर एक मादी तीनचारशे अंडी घालते. म्हणजे डब्यात वर फिरताना दिसतात ते किडे म्हणजे सगळी फौज नाही, बरीचशी दाण्यांच्या आत बसलेली असते.

कडधान्यातला भुंगा बरोबर उलट. मूग, चवळी, हरभरा, तूर, यांच्यावर त्याची मादी दाण्याच्या बाहेरच अंडं चिकटवते. पुढच्या वेळी मूग निवडताना खिडकीशी बसून एखादा दाणा नखावर घेऊन बघा, खसखशीपेक्षा बारीक पांढरा ठिपका दिसेल, कधी एकाच दाण्यावर तीन तीन. नखाने खरवडला तर निघतो. त्या ठिपक्याच्या खालूनच अळी दाण्यात शिरते आणि शेवटी दाण्याला गोल खिडकी पाडून भुंगा बाहेर येतो. तो बाहेर आलेला भुंगा बिचारा काही खात नाही, आठवडा दीड आठवडा जगतो, अंडी घालतो आणि मरतो. नुकसान सगळं अळीने आधीच केलेलं असतं. अजून एक वाईट गोष्ट म्हणजे हा भुंगा शेतातच शेंगांवर अंडी घालून येतो, त्यामुळे "आम्ही तर लगेच एअरटाईट डब्यात भरलं होतं" याला अर्थ नाही, किडा डब्यात पाहुणा म्हणून आलेला नाही, धान्यासोबतच आलाय.

पिठात, रव्यात असतात ते तांबडे चपटे भुंगेरे, आणि जाळी धरते ती एका पतंगाच्या अळीची. त्यांना मसाला टाकून काही होत नाही आणि टाकणार तरी कुठे, रव्याचा शिरा लवंगेचा होईल. चाळा, फ्रीजमध्ये ठेवा, विषय संपला.

आता लवंगेचा हिशोब. चांगल्या लवंगेत वजनाच्या साधारण पंधरा ते वीस टक्के तेल असतं आणि त्या तेलात बहुतेक भाग युजेनॉल, दातदुखीला लावतो ते. एक लवंग असते एक दशांश ग्रॅमच्या आतबाहेर. म्हणजे चार लवंगांत मिळून साठसत्तर मिलिग्रॅम तेल, आणि डबा वीस किलोचा! त्यात ते तेल लवंगेच्या आत बारीक ग्रंथींमध्ये कोंडलेलं, ते एकदम बाहेर येत नाही, वर्षानुवर्षे वास टिकतो तो त्याचमुळे. पुन्हा युजेनॉल पटकन उडणारं नाही, उकळायला अडीचशे डिग्रीच्या वर तापमान लागतं. वेलचीच्या तेलातलं सिनिओल नावाचं द्रव्य त्यामानाने चंचल, १७६ डिग्रीला उकळतं, वाफ लवकर पसरते, पण वेलची धान्यात टाकायची म्हणजे दिवाळंच. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे गहू स्वतःच वाफ शोषून घेतो. रिकाम्या बरणीत जेवढ्या तेलाने किडे मरतात तेवढंच तेल धान्य भरलेल्या बरणीत टाकलं तर परिणाम निम्माही राहत नाही. प्रयोगशाळेत अमुक तेलाने इतके टक्के किडे मेले अशा बातम्या येतात ना, त्यात बरणी रिकामी होती का भरलेली हे आधी बघायचं.

याचा अर्थ संशोधन फुकट आहे असं नाही हां. गोदामांत धान्याला धुरी द्यायला पूर्वी मिथाइल ब्रोमाइड चालायचं, ते ओझोन थराला घातक म्हणून माँट्रियल करारानुसार विकसित देशांनी २००५ पर्यंत आणि बाकीच्यांनी २०१५ पर्यंत सोडलं, निर्यातीच्या क्वारंटाइनसारखे काही अपवाद सोडले तर. उरला फॉस्फीन हा विषारी वायू, आणि त्याला पिठातले भुंगेरे वगैरे किडे आता दाद देईनासे झालेत, आपल्या देशातसुद्धा. म्हणून जगभर लोक मसाल्यांच्या तेलांकडे वळलेत. युजेनॉल कीटकांच्या मज्जासंस्थेत ऑक्टोपमाइन नावाच्या रसायनाच्या कामात गोंधळ घालतं असं अभ्यासात दिसलंय, आणि ऑक्टोपमाइनवर कीटकांचं जितकं अडतं तितकं आपलं अडत नाही, म्हणून त्याचं एवढं कौतुक. हळदीच्या तेलात टर्मेरोन असतात, ते किड्यांना पळवून लावतात. इथे एक गंमत, हळद म्हटलं की सगळे करक्युमिन करक्युमिन करतात, पण किड्यांच्या बाबतीत काम करतं ते वासाचं तेल, पिवळा रंग नव्हे. त्यामुळे दुकानात वर्षभर पडून वास गेलेली पूड धान्याला चोळली तर धान्य पिवळं होतं, बाकी काही नाही. काळी मिरी मला सगळ्यात इमानदार वाटते, तिच्यात पायपरीन आणि त्याच्याच घराण्यातली अजून काही द्रव्यं आहेत, ती उडून जात नाहीत, किड्याच्या अंगाला लागली की थेट बाधतात. मिरीची ताजी पूड धान्यात नीट मिसळली तर सोंड्यांवर खरंच परिणाम होतो. पण मिरीचा आजचा भाव बघता गव्हापेक्षा मिरीलाच कडीकुलूप लावावं लागेल.

मी एकदा घरात बघितलं होतं करून. सोंडे लागलेला गहू दोन काचेच्या बरण्यांत घेतला, एकीच्या झाकणाला आतून लवंग तेलाचा कापूस चिकटवला, दुसरी तशीच. तेलाच्या बरणीत सोंडे आधी सैरावैरा फिरायला लागले, वरच्या काठाकडे, मग परत खाली गव्हात, आणि काही दिवसांत वरचे सगळे पाय वर करून आडवे. घरचे खूश. मी म्हटलं थांबा. मेलेले चाळून काढले, गहू परत त्याच बरणीत भरला, आणि तीनेक आठवड्यांनी त्याच बरणीत नवे सोंडे, ताजे, तांबूस रंगाचे, नुकते बाहेर आलेले. ते कुठून आले? दाण्यातून. बूच लावलेल्या दाण्याच्या आत लवंगेचा वास पोचलाच नव्हता, किंवा पोचला तरी पुरेसा नाही. आणि त्या गव्हाच्या पोळ्यांना जो काही वास आला, मुलगा म्हणाला आई आज टूथपेस्टची पोळी आहे का.

म्हणून लवंग तेल मी आता धान्यात नाही, रिकाम्या डब्यात वापरते. जुनं धान्य संपलं की पत्र्याच्या कोठीच्या तळाचा कोपरा आणि काठाची दुमड बघा, तिथे जुन्या पिठाची भुकटी दाबून बसलेली असते आणि तिच्यात मागच्या वर्षीचे दोनचार किडे मजेत असतात. नवीन धान्य ओतलं की यांची सोय झाली. टूथब्रशने ती भुकटी काढायची, कोठी धुवून कडक उन्हात पालथी घालायची, मग कोरड्या फडक्यावर लवंग तेलाचे थोडे थेंब घेऊन त्या दुमडीतून फिरवायचं, झाकण लावून एकदोन दिवस ठेवायचं, मग उघडून वास जाऊ द्यायचा. रिकामी कोठी म्हणजे तेल शोषायला धान्य नाही, किडे उघड्यावर, तेल थेट अंगाला, सगळं आपल्या बाजूने. हातमोजे घाला, हे तेल कातडीला चांगलं झोंबतं, आणि काही प्लास्टिकचे डबे त्याने चिकट होतात म्हणून पत्रा किंवा स्टीललाच लावा. पोती परत वापरणार असाल तर त्यांनाही हेच.

ग्रुपवर अजून एक फिरतं, लवंग मिरी उकळून काढा करा आणि धान्यावर शिंपडा. कृपा करून नका करू. युजेनॉल पाण्यात जेमतेम विरघळतं, त्यामुळे औषध पातेल्यातच राहतं आणि धान्याला मिळतं फक्त पाणी. ओलावा म्हणजे किड्यांना आमंत्रण आणि बुरशीलाही. लसणाचंही तसंच. लसणाचा तो उग्र वास पाकळी ठेचल्यावर तयार होतो, अख्खी पाकळी डब्यात टाकली तर ती नुसती पडून राहते, आणि ठेचून टाकली तर ओल. सुकी लाल मिरची? तिखटपणा ज्याच्यामुळे तो कॅप्सेसिन उडतच नाही, मिरची चावल्याशिवाय तिखट लागत नाही, मग किडा कशाला अख्खी मिरची चावायला जाईल, शेजारी गहू आहे की. आणि ज्यांना अजूनही मसाला म्हणजे किड्याचा काळ वाटतो त्यांनी घरातलं जुनं हळकुंड फोडून बघावं, किंवा मागच्या वर्षीचे धणे. बारीक बारीक भोकं आणि भुगा. तंबाखूत होणारा भुंगेरा हळद, मिरची, धणे, आलं सगळं आवडीने खातो. मसाल्याच्या व्यापाऱ्यांची निम्मी झोप त्याच्यामुळे उडालेली असते.

मग चालतं काय? कडधान्याला एरंडेल. माझं माहेर लातूरकडचं, तूर हरभऱ्याचा भाग, तिथे मुगाला, तुरीला एरंडेल चोळून ठेवायची पद्धत जुनी, आणि हे शास्त्राच्या कसोटीवर झकास उतरतं. भुंग्याचं अंडं दाण्याच्या बाहेर असतं ना, तेलाचा पातळ थर बसला की अंड्याला हवा मिळत नाही, ते तिथेच मरतं, आणि नवीन मादीला गुळगुळीत तेलकट दाण्यावर अंडं चिकटवणंही जड जातं. किलोला साधारण एक चहाचा चमचा, म्हणजे पाच मिली, एवढं पुरतं. भुईमुगाचं किंवा कुठलंही खायचं तेल चालतं, शोधनिबंधांत चवळीवर शेंगदाणा तेल याच प्रमाणात वापरलेलं आहे, एरंडेल घट्ट असल्यामुळे टिकतं बरं. आई कशी करते सांगते, परातीत दोन अडीच किलो मूग घ्यायचे, तेल आधी दोन्ही तळव्यांवर चोळून घ्यायचं, थेट दाण्यांवर ओतायचं नाही नाहीतर एका जागी गोळा होतो, मग खालून वर असे हात फिरवत राहायचं, मूग हळूहळू चमकायला लागतात, सगळे सारखे चमकले की बास. कागदावर पसरून रात्रभर ठेवायचे, सकाळी डब्यात. शिजवायच्या आधी कोमट पाण्याने दोनदा चोळून धुवायचे. यात कोणाला हळद घालायची असेल तर घाला, ताजी आणि वासाची घाला, तेलामुळे ती दाण्याला धरून राहते, तेवढा फायदा जास्तीचा.

गव्हाला पण लोक एरंडेल लावतात. लावा, थोडा उपयोग होतो, फिरणाऱ्या किड्यांना त्रास होतो. पण सोंड्याचं अंडं आत आहे, बूच लावून, त्यामुळे मुगासारखी खात्री नाही. आणि तुरीचं एक सोपं, डाळ करून ठेवा. भुंग्याला अख्खा, सालीचा, गोलसर दाणा लागतो, फोडलेल्या डाळीवर त्याचं फारसं जमत नाही.

आता वेखंड. बाळगुटीतलं, टाळूवर चोळतात ते. धान्यातल्या किड्यांवर मसाल्याच्या जातीतलं सगळ्यात जालीम काय म्हणाल तर हेच. त्यातलं बीटा-असारोन नावाचं द्रव्य किड्यांना नुसतं मारत नाही, वांझही करतं, हे आपल्याकडच्या संशोधनातच सत्तरच्या दशकात दिसलं. कोणी म्हणेल मग वापरायचं की! पण हेच बीटा-असारोन प्राण्यांवरच्या चाचण्यांत कॅन्सरकारक निघालं आणि अमेरिकेने १९६८ मध्ये वेखंड खाद्यपदार्थांत घालायला बंदी केली, आणि आपल्या भारतीय वेखंडात ते युरोपातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं. पेरायच्या बियाण्याला लावा, खायच्या गव्हात मी वेखंडाची पूड घालणार नाही. "नॅचरल आहे" एवढ्यावर लोक ज्या पटकन विश्वास टाकतात त्याची मला खरंच भीती वाटते. बिब्ब्याचंही तेच, गावाकडे गव्हात बिब्बे टाकतात, अख्खे असतील तोवर ठीक, पण एखादा फुटला आणि निवडताना चीक हाताला लागला तर उततो, फोड येतात.

त्यापेक्षा वाईट म्हणजे पारद गोळ्या आणि सेल्फॉस. पहिलीच्या नावातच पारा आहे, खायच्या धान्याजवळ पारा कशाला. आणि सेल्फॉस म्हणजे ॲल्युमिनियम फॉस्फाइड, हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडतं, तो वायू भिंतीच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो, घरातली माणसं झोपेत गेल्याच्या बातम्या दरवर्षी पेपरात येतात. ती गोळी प्रशिक्षित माणसांनी गोदामात वापरायची चीज आहे, घरगुती विक्रीवर निर्बंध आहेत, तरी कुठेकुठे मिळते. कोणी दिली तरी घेऊ नका, एवढं एकच वाक्य मी ग्रुपवर दरवर्षी कॅपिटलमध्ये लिहिते, म्हणजे मराठीत कॅपिटल नसतं तरी लिहिते.

गहू ज्वारीचं मी काय करते? ऊन. मे महिन्याचं कडक ऊन, गच्चीवर पातळ पसरून दोन दिवस, संध्याकाळी थंड होऊ देऊन मग भरायचं, गरम गरम डब्यात भरलं की आत वाफ धरते. दाणा दाताखाली कटकन तुटला पाहिजे, दबला तर अजून ओल आहे. पुस्तकात ओलावा बारा टक्क्यांच्या खाली म्हणतात, दहाच्या खाली गेला तर सोंड्यांचं जगणं मुश्किल होतं, आमच्याकडे मीटर नाही, दातच मीटर. फ्लॅटमध्ये ऊन येत नसेल आणि धान्य थोडंच घेत असाल तर चार चार किलो करून डीप फ्रीझरमध्ये उणे अठराला चार दिवस, दाण्याच्या आतली अळीसुद्धा जाते, जे लवंगेला जमत नाही. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, बाहेरून घाम येतो तो सुकू द्यायचा.

एवढं सगळं करून कडुनिंबाचा पाला डब्यात घालते का? घालते. सावलीत वाळवलेला, थरांमध्ये. पाल्यापेक्षा निंबोळीत ताकद जास्त असते हे माहीत आहे, पण निंबोळीची कडू चव पोळीत नको आणि पाला फुकट मिळतो, सोसायटीच्या गेटलाच झाड आहे. आत्याने परवा विचारलं, मग माझ्या त्या चार लवंगा काढून टाकू का गं? म्हटलं राहू दे, मसालेभातात घाल, सहा महिन्यांनी पण वास असेलच त्यांना.